मखराची भिंत

आमच्या बेळगाव भागात कुठे नवे बांधकाम दिसले की जाणारा माणूस आत शिरतो आणि आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून पाहतो. घरमालक ओळखीचा असो वा नसो, त्याला कोणी अडवत नाही. आवाज 'टक्क' आला तर त्याची मान डोलते. 'ढब' आला तर तो काही न बोलता चपला पायात सरकवतो, आणि त्याचे ते न बोलणे संध्याकाळपर्यंत गावभर होते. मी आयुष्यातली बरीच वर्षे ज्या भिंती बांधण्यात घालवली त्या सगळ्या 'ढब' म्हणणाऱ्या आहेत. त्यांच्या पोटात सळईचे भक्कम काँक्रीट आहे हे ठोकणाऱ्याला तोंडाने सांगावे लागते, आणि सांगावे लागले की त्याचा निम्मा विश्वास तिथेच उडालेला असतो.

मी उचगावच्या शेतकरी घरातला. डिप्लोमा करून बांधकामात आलो आणि पुण्याच्या एका प्रदर्शनात पाहिलेल्या पांढऱ्या ठोकळ्यांच्या नादी लागलो. अंकासाठी व्यवसायाविषयी लिहा, असा निरोप आला तेव्हा वाटले, आपण नेमके काय करतो हे एकदा शांतपणे मांडावे. बोलून पटवण्यात मी नेहमी कमी पडलो. माझा आवाज मुळात लहान आणि मुद्द्यावर येण्याची माझी गती त्याहून मंद.

काँक्रीटची भिंत करायची तर एरवी दोन्ही बाजूंनी फळ्या किंवा लोखंडी प्लेटा उभ्या करतात, मधल्या पोकळीत सळई बांधून काँक्रीट ओततात आणि ते घट्ट झाले की प्लेटा काढून नेतात. आमच्या पद्धतीत या प्लेटांच्या जागी थर्माकोलचे पोकळ ठोकळे असतात. मुलांच्या खेळण्यातल्यासारखे ते एकमेकांत बसतात, आणि ते काढायचे नसतात. काँक्रीट आत राहते, थर्माकोल त्याच्या दोन्ही अंगांना कायमचा राहतो आणि त्यावर गिलावा होतो. काँक्रीट वजन पेलते, थर्माकोल ऊन आणि थंडी अडवतो. साचाच भिंतीचा भाग होऊन जातो, एवढीच यातली कल्पना.

ही कल्पना आपल्याकडची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात घरे पडलेली होती आणि जळण महाग होते, तेव्हा तिकडच्या लोकांनी लाकडाचा भुसा सिमेंटमध्ये कालवून पोकळ ठोकळे केले व त्यांत काँक्रीट भरले. पुढे फेसासारखे हलके प्लास्टिक निघाले आणि भुशाची जागा त्याने घेतली. कॅनडा-अमेरिकेच्या बर्फाळ मुलखात ही घरे वाढली. आपल्याकडे मात्र उशीर झाला. थंडी माणसाला स्वस्थ बसू देत नाही. उकाड्याची आपण सवय करून घेतो. आधी शीतगृहांत विटांच्या भिंतीला डांबराने थर्माकोल चिकटवू लागले, मग तारेची जाळी लावलेल्या थर्माकोलच्या पाट्यांवर सिमेंट फवारण्याची रीत आली आणि सर्वांत शेवटी हे ठोकळे आले. बेळगावात पंखा लागत नाही असे सांगणारी पिढी अजून हयात आहे. त्यांच्या नातवंडांच्या खोल्यांत आता एसी आहेत. माझ्या धंद्याची वाढ या दोन पिढ्यांच्या मधल्या जागेत झाली.

पहिले मोठे काम निपाणीला मिळाले. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला वखार बांधायची होती. तंबाखूचे पान फार वाळले तर हातात चुरा होतो आणि ओल धरली तर त्यावर बुरशी येते. म्हणून बाहेर काहीही चाललेले असो, आतली हवा होईल तितकी एकसारखी राहावी लागते. शेठजींनी माझे म्हणणे डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "बांधा. पर पडायची वेळ आली तर तुम्ही आत असताना पडू दे."

थर्माकोलचा ट्रक उतरला त्या दिवशी रस्त्यावर गर्दी जमली. आमच्याकडे थर्माकोल म्हणजे गणपतीचे मखर, दुसरा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता.

"काय रं, यंदा गणपती वखारीत बसणार व्हय?"

"एवढं मोठं मखर? मूर्ती केवढी आणत्यात म्हणायची?"

"तंबाखू खाणारा गणपती असंल."

त्या दिवसापासून निपाणीत मी 'मखरवाला' झालो. ते नाव मला पुढे बेळगावपर्यंत सोडायला आले.

काँक्रीट ओतायच्या दिवशी मात्र खरोखरच फजिती झाली आणि तिचे कारण आमच्याच एका चांगल्या रीतीत होते. आमच्या भागात स्लॅबचे काम टोळी उक्ते घेते. मिक्सर एकदा सुरू झाला की शेवटच्या घमेल्यापर्यंत थांबायचे नाही, आणि काम संपले की मालकाने सगळ्यांना मटण-भाकरीचे जेवण घालायचे. चूल बाजूलाच पेटलेली असते. वास येऊ लागला की घमेली आपोआप पळू लागतात. स्लॅबला ही घाई मानवते. आमच्या भिंतीला ती घातक. ओले काँक्रीट चहूबाजूंनी रेटत असते. म्हणून एक थर ओतायचा, सगळ्या भिंतींना वळसा घालून यायचे, तोवर पहिला थर जरा आवळलेला असतो, मग त्यावर दुसरा. मी हे टोळीला सांगितले होते. त्यांनी माना डोलावल्या होत्या. पण रस्सा उकळू लागला आणि एका कोपऱ्यावर सगळी घमेली एकामागून एक रिकामी झाली. ठोकळा फुगला, कुरकुरला आणि फुटला. काँक्रीट रस्त्यावर आले.

समोरच्या पानपट्टीवरून कोणीतरी शांतपणे म्हणाले, "इसर्जन झालं बघा."

माझा गवंडी इराप्पा हुक्केरीकडचा, घरी कन्नड बोलणारा, म्हणून मराठीलाही कन्नडमधला मानाचा 'री' जोडणारा. तो फावड्याने काँक्रीट गोळा करीत मला म्हणाला, "सर, ठोकळ्याची चूक न्हाय री. ह्यांच्या नाकात मटण बसलंय. चूल उशिरा पेटवा, भिंत उभी ऱ्हातीय."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामावर नियम आहे: शेवटचा थर बसल्याशिवाय चूल पेटायची नाही. परदेशी कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत लोखंडी आधार, टाय, व्हायब्रेटर या सर्वांविषयी सूचना असतात. रश्श्याविषयी नसते.

तो कोपरा आम्ही कापून पुन्हा बांधला. पावसाळा सरल्यावर शेठजींनी मला बोलावले, एक गठ्ठा सोडला आणि पान माझ्या तळहातावर ठेवले. पान मऊ होते. घडी घातली तरी तुटले नाही. शेठजी म्हणाले, "मखरवाले, शेजारची जागा पण माझीच हाय." त्या वाक्याने मला जे दिले ते कोणत्याही मानपत्राने दिले नसते. मानपत्र मिळाले नाही हा भाग वेगळा.

त्यानंतर गुळाचे गोदाम झाले, बियाण्याच्या बटाट्याची थंड खोली झाली, एक दवाखाना झाला. कणकुंबीच्या पावसात, जिथे कपाटातल्या साड्यांनाही बुरशी चढते, तिथे आमच्या भिंतींना आतून घाम फुटला नाही. तरीही मी जे काम माझ्या व्यवसायाचे सार मानतो ते यांतले कोणतेच नाही. ते बेळगावातल्याच वडगावच्या एका गल्लीतले, चार मागांच्या शेडचे.

परशराम आणि त्याची बायको शांताक्का यांचे चार यंत्रमाग घराच्या मागच्या शेडमध्ये होते. शेडची एक भिंत यांच्या स्वयंपाकघराला लागून आणि दुसरीच्या पलीकडे अरुंद बोळ. बोळ ओलांडला की मास्तरांची झोपायची खोली. हे मास्तर निवृत्त झालेले, परशरामला त्यांनीच प्राथमिक शाळेत शिकवलेले. आयुष्यभर मागांचा खडखडाट ऐकत दोन्ही घरे सुखाने राहिली होती. मग मास्तरांच्या पत्नीला, काकूंना, मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वाचल्या, घरी आल्या, आणि डॉक्टरांनी सांगितले की त्यांना औषधापेक्षा झोपेची गरज जास्त आहे.

मास्तर भांडले नाहीत. ते परशरामकडे आले आणि म्हणाले, "परशा, तुला मी पाढे शिकवले. आता तुझे माग दिवसभर माझ्या बायकोला पाढे म्हणून दाखवतात. ती डोळा मिटते आणि तुझा धोटा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मी काय करू, तूच सांग."

गल्लीतली मोठी माणसे देवळात बसली आणि त्यांनी मार्ग काढला: संक्रांतीपर्यंत मागांचा आवाज थांबला तर ठीक, नाहीतर माग गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत हलवावेत. ऐकायला हा निवाडा रास्त होता. पण माग चालत होते ते शांताक्का घरात होती म्हणून. परशराम सूत आणायला, साड्या पोचवायला शहापूरला गेला की स्वयंपाक आणि माग दोन्ही तीच पाही. माग गावाबाहेर गेले असते तर पगारी माणूस ठेवावा लागला असता आणि तो चार मागांच्या जिवावर परवडत नाही. गल्लीतल्या दोघांनी असे माग हलवले होते आणि वर्षाच्या आत भंगारात घातले होते.

परशराम माझ्याकडे आला तो हे सगळे सांगून म्हणाला, "अण्णा, तुम्ही ऊन कोंडताय म्हणं. मला आवाज कोंडायचाय."

मी त्याला खरे सांगितले. "परशराम, थर्माकोलनं आवाज थांबत नाही. ते फार हलकं असतं. आवाज थांबवतं ते वजन, म्हणजे आतलं काँक्रीट."

"मग साधं काँक्रीटच घालतो की."

"घाल. पण आवाज कोंडायचा तर खिडक्या बुजवाव्या लागतील. वरनं ऊन आणि आत चार मोटारी. दुपारी तू आणि वैनी भाजून निघाल."

त्याने बोटाने जमिनीवर भिंत आखली. मग म्हणाला, "म्हणजे काँक्रीट मास्तरांसाठी आणि थर्माकोल आमच्यासाठी."

माझ्या पद्धतीचे इतके नेटके वर्णन मला कधी करता आले नव्हते.

काम लहान होते, पण मी त्याला भिऊन होतो. आवाज पाण्यासारखा असतो. भिंत कितीही जाड असो, दाराखाली बोटभर फट राहिली की तो तिथून निघून जातो. म्हणून जुना पत्रा काढून वर स्लॅब घातला, त्यावरही थर्माकोलचा थर दिला. दारे एकामागे एक अशी दोन केली. हवेसाठी वळणावळणाचा बोगदा काढला, त्याला आतून काथ्याचे अस्तर लावले. हवा वळणे घेत जाते, आवाज वळणावर दमतो. मागांची धडधड जमिनीतूनही जाते, म्हणून प्रत्येक माग वेगळ्या चौथऱ्यावर बसवला आणि चौथऱ्याखाली साखर कारखान्यातून भंगारात निघालेला जाड रबरी पट्टा घातला. या सगळ्या काळात माग ताडपत्रीखाली मुके उभे होते. घरात नवे कापड विणले जात नव्हते. रोज सकाळी परशराम ताडपत्री उचलून मागांवरून हात फिरवी आणि पुन्हा झाकी. मी दुसरीकडे पाहत असे.

भिंती ओतायच्या दिवशी शांताक्काने चूल पेटवायला घेतली, तर इराप्पाने तिला अडवले. ती मला म्हणाली, "माणसं उपाशी ठेवून भिंत बांधायची ही कुठली रीत, अण्णा?"

"आक्का, ही रीत निपाणीत शिकलोय," इराप्पा म्हणाला. "लई महागात शिकलोय री."

भिंत एक इंचही फुगली नाही. जेवणे उन्हे कलल्यावर झाली आणि सगळ्यांनी मुकाट्याने माझी निंदा केली.

संक्रांतीच्या आधी शेड तयार झाली. परीक्षेच्या दिवशी मी मास्तरांच्या घरी काकूंच्या खोलीत एका खुर्चीवर बसलो होतो. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मास्तर खिडकीशी उभे. परशरामला फोन करून सुरू करायला सांगितले होते. आम्ही वाट पाहत राहिलो. मास्तरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आणि शेवटी खिडकीतून हाक मारली, "परशा, अरे सुरू कर की. भितोस कशाला?"

परशराम बाहेर बोळातच उभा होता. "मास्तर, चारी चालू हाईत."

मास्तरांना ते खरे वाटले नाही. ते तरातरा शेडकडे गेले, पहिले दार उघडले, दुसरे उघडले, आणि आतला खडखडाट त्यांच्या अंगावर आला. त्यांनी ती दोन्ही दारे पुन्हा लावली. उघडली. लावली. शाळेतला मुलगा नळाची चावी फिरवून पाहतो तसे ते कितीतरी वेळ करीत राहिले. मी खोलीतून ते ऐकत होतो. दोन्ही दारे उघडली की दूरवर गिरणी चालल्यासारखे काहीतरी, लावली की फक्त काकूंचा श्वास. परत आल्यावर मास्तरांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. काकू झोपल्या होत्या.

माग गल्लीत राहिले. देवळातल्या बैठकीची पुन्हा गरज पडली नाही. पुढचे काही आठवडे शहापूर, वडगाव, खासबागचे विणकर येऊन आमची भिंत पाहून जात. ठोकणारे लोक आता भिंतीला कान लावत. मी त्या काळात फार बोललो. जिथे जाईन तिथे या शेडचे सांगत असे, आणि सांगताना माझा लहान आवाज मला मोठा झाल्यासारखा वाटे. त्या सुखाला मी नाव ठेवत नाही. पण त्या सुखात मी एका माणसाला काहीच विचारले नव्हते हे मला दिसले नाही.

मग परशरामचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, कोडे पडल्यासारखा सूर होता. "अण्णा, कापड कमी पडतंय. माग तेच, सूत तेच, आमी तेच. पर आठवड्याला साड्या कमी निघत्यात. गल्लीत म्हणत्यात, त्या मखराच्या हवेनं माग दमत्यात."

मी गेलो. विजेचा दाब तपासला, हवेतली ओल पाहिली, चौथरे हलतात का ते पाहिले. सगळे ठीक होते. आणि तरी परशरामचा हिशोब खरा होता. असेच चालले असते तर मास्तरांनी नव्हे, माझ्या भिंतीने त्याचे माग भंगारात घातले असते. मी खचून स्वयंपाकघरात येऊन बसलो. शांताक्का भाकरी थापत होती. तिने अर्धी थापलेली भाकरी परातीत सोडली, उठली, दोन दारे उघडून शेडमध्ये डोकावून आली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तव्यावरची भाकरी करपली.

मी विचारले, "वैनी, सारखं उठताय कशाला?"

"बघाया नको? न्हाय गेलं की एखादा बंद पडलेला असतोय. काल दुसरा माग किती येळ गप हुता कुणास ठाऊक."

"आधीही असंच उठत होता?"

"आधी कशाला? आधी बंद पडला की मगच उठत हुते."

"बंद पडल्याचं कसं कळायचं?"

तिचा हात पिठात थांबला. हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. ती सावकाश म्हणाली, "चौघांतला एक गप झाला की पाय उठायचे. कळायचं असं न्हाय. उठायचेच."

परशराम दारात उभा होता. तो चुलीजवळच्या पाटावर बसला. इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचे आडवे सूत संपले किंवा तुटले की माग आपोआप थांबतो. कोणीतरी जाऊन नवी कांडी घालून तो पुन्हा सुरू करावा लागतो. लग्न होऊन आल्यापासून शांताक्का चुलीपुढे बसून भिंतीतून चार माग ऐकत होती आणि ते राखत होती. घरात हे कोणाला ठाऊक नव्हते, तिलासुद्धा नाही. मी बोळात उभा राहून मास्तरांच्या घरातले कान जपले होते. चुलीकडच्या बाजूलाही तीच जाड भिंत उभी करताना इकडे कोणी ऐकत असेल असे माझ्या मनात आले नव्हते. आवाज म्हणजे केवळ त्रास, हे मी धरूनच चाललो होतो. त्या दिवशी तिथे बसून मला माझी लाज वाटली, आणि त्याच वेळी, कबूल करतो, एक विचित्र आनंदही झाला: भिंत इतकी चांगली झाली होती.

परशराम म्हणाला, "दिवा लावू. माग थांबला की लाल दिवा पेटंल."

"दिव्याकडं बघत भाकरी थापू व्हय?" शांताक्का म्हणाली. "डोळं कामात असत्यात. कान तेवढं मोकळं असत्यात."

मग एकच उपाय राहिला. स्वयंपाकघराकडच्या भिंतीत लहानशी खिडकी पाडायची, तिला रबराची किनार दिलेले जाड झाकण करायचे, म्हणजे हवे तेवढे उघडता येईल. धोका उघड होता. आवाज स्वयंपाकघरात आला की तिथून बोळात आणि बोळातून काकूंच्या खोलीत जाऊ शकत होता, आणि एवढे करून आम्ही पुन्हा संक्रांतीच्या आधीच्या जागी आलो असतो. मी मास्तरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "पाडा. हिला जाग आली तर मी येऊन सांगेन आणि तुम्ही बुजवायची. मी परशाला नापास करताना कधी मागेपुढे पाहिलं नाही."

खिडकी पाडायला इराप्पा ब्रेकर घेऊन आला. गल्ली जमली. त्यांना आता मखराच्या पोटात काय आहे ते पाहायचे होते. थर्माकोल लोण्यासारखा निघाला आणि कोणीतरी हसले. मग ब्रेकरचे टोक काँक्रीटला लागले आणि मशीन नुसते उड्या मारू लागले. इराप्पाने जागा बदलली, अंग टाकून जोर लावला. टोक मोडले. दुसरे लावले, तेही मोडले. त्याने मशीन बंद करून कपाळ पुसले आणि गर्दीकडे वळून म्हणाला, "कोण म्हणालं रं मखर? या, फोडून दावा."

कोणी पुढे आले नाही. शेवटी हुबळीहून हिऱ्याच्या पात्याचे कटर मागवावे लागले. पाणी सोडत सोडत त्याने भिंतीचा एक चौकोनी तुकडा सबंध कापून काढला आणि चौघांनी तो उचलून अंगणात ठेवला. कडेला दोन पांढरे पट्टे, मधे करडा दगडासारखा गाभा, आणि त्यात कापलेल्या सळया नव्या नाण्यांसारख्या चमकत होत्या. माणसे एकेक करून वाकली, गाभ्यावरून अंगठा फिरवून गेली. एवढी वर्षे मी तोंडाने जे सांगत आलो ते त्या दिवशी अंगणात पडले होते आणि मला एक शब्दही बोलावा लागला नाही. गल्लीतल्या आणखी दोन मागवाल्यांनी तिथेच मला आपापल्या शेडची मापे घ्यायला सांगितले. आज त्या गल्लीत आणि तिच्या आसपास माग गावाबाहेर जाण्याची भाषा कोणी करीत नाही.

झाकण बसले त्या संध्याकाळी चारी माग सुरू करून परशरामने मला चहाला थांबवून घेतले. शांताक्काने झाकण बोटभर उघडे ठेवले होते. तेवढ्यातून मागांचा आवाज येत होता, दूरच्या पावसासारखा, बोलण्याच्या आड न येणारा. आम्ही मात्र दाराकडे कान लावून होतो. मास्तर आले. परशराम उभा राहिला.

"बस रे," मास्तर म्हणाले. "झोपलीय. घोरतेय. तिचं घोरणं मला ऐकू येतंय, तुझ्या मागांनी इतक्या वर्षांत हे कधी कळू दिलं नव्हतं."

सगळे हसले. चहा झाला. मास्तरांनी कुतूहलाने विचारले की ही विद्या मुळात आली कुठून, आणि मी, बऱ्याच दिवसांनी मनापासून, सुरुवातीपासून सांगू लागलो: युद्धानंतरचा युरोप, लाकडाचा भुसा, सिमेंट, थंडीने गारठलेली माणसे. मी कॅनडापर्यंत पोचलो होतो. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते, परशराम हनुवटीखाली हात धरून बसला होता.

तेवढ्यात शांताक्का परातीपुढून उठली.

"तिसरा थांबला," ती स्वतःशीच म्हणाली आणि पिठाचे हात तसेच वर धरून आत गेली. आम्हा तिघांपैकी कोणालाही काही कळले नव्हते. मी बोलायचा थांबलो. आम्ही ऐकू लागलो. तीन मागांचा आवाज येत होता; आता ती म्हणाली म्हणून तीन आहेत असे वाटत होते. मग त्यांत चौथा मिसळला.

ती परत येऊन बसली आणि तिने थापायची राहिलेली भाकरी पुढे ओढली.

परशराम म्हणाला, "हां अण्णा, काय सांगत हुता?"

मला ते आठवेना.